दहापैकी दहा

एकोणिसाव्या दिवशी दादाचे तळहात लाल झाले.

आदल्या संध्याकाळी नुसती खाज होती, तळव्यांना आणि कानांच्या मागे. सकाळी मी काचेपलीकडे जाऊन उभी राहिले तेव्हा त्याने दोन्ही पंजे काचेला टेकवले आणि फोनवर म्हणाला, "बघ गं, तुझ्या पेशी पोचल्या."

तो हसत होता, मीही हसले. पाचच दिवसांपूर्वी त्याचे काउंट आले होते. प्रत्यारोपणाच्या वॉर्डात 'काउंट आले' हे दोन शब्द केवढे असतात ते तिथे राहिलेल्यालाच कळतं. केमोने रिकाम्या केलेल्या त्याच्या हाडांमध्ये माझ्या मूलपेशींनी मूळ धरलं होतं, न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या होत्या. त्यामुळे लाल तळहात मला त्या क्षणी त्याच आनंदाच्या बातमीचा पुढचा भाग वाटले.

दुपारी डॉक्टर आत गेले. दादाचा शर्ट काढून छातीवर, पाठीवर, दंडांवर पुरळ कुठवर पसरलंय ते मोजू लागले. मोजायचं माप म्हणजे रुग्णाचाच तळहात. माणसाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, त्याच्या अंगावरच्या कातडीचा साधारण एक टक्का भरतो. असे तीसेक तळहात झाले. बाहेर येऊन त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "स्किन जीव्हीएचडी दिसतोय. बायॉप्सी घेऊ. डोनर सेल्स जरा जोरात आहेत."

डोनर मी होते.

जीव्हीएचडी म्हणजे ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज. मराठीत ग्राफ्टला कलम हा नेमका शब्द आहे. बागेतल्या कलमात खुंट एका झाडाचा, फांदी दुसऱ्याची. बांधून ठेवायचं आणि जीव धरायची वाट बघायची. एखाद्याला मूत्रपिंड बसवतात तेव्हा भीती असते ती खुंटाची, म्हणजे शरीर त्या परक्या अवयवाला नाकारेल याची. इथे सगळं उलटं. इथे कलमच खुंटाला नाकारतं, कारण इथे जे बसवलेलं असतं ती नाकारण्याची यंत्रणाच असते. परकं कोण हे ओळखणारी, आणि ओळखल्यावर त्याला संपवणारी माझी यंत्रणा नळीतून दादाच्या शरीरात गेली होती, आणि तिच्या लेखी दादा परका होता.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. संमतिपत्रात तो शब्द होता. समुपदेशनाच्या तासाभरात "थोडाफार जीव्हीएचडी होऊ शकतो, त्यावर औषधं आहेत" हे वाक्यही होतं. पण ते रुग्णाच्या जोखमींच्या यादीत होतं. दाता म्हणून मला जे सांगितलं गेलं ते माझ्याविषयी होतं: इंजेक्शनांनी हाडं दुखतील, सुईमुळे हात काळानिळा होईल, चार दिवसांत तुम्ही पूर्ववत व्हाल. तुम्ही दिलेलं पुढे काय करू शकतं आणि ते करत असताना तुम्हाला बाहेर बाकावर बसून काय वाटू शकतं, याबद्दल एक शब्द नव्हता. दोन वर्षं झाली, तरी माझी ही तक्रार विरलेली नाही. आप्तांमधून निवडलेल्या दात्याला हे समोर बसवून सांगायला हवं.

त्याआधीचे दिवस किती सोपे वाटले होते! दादाला तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग. केमोने तो आटोक्यात आला, पण परत येण्याची शक्यता मोठी, म्हणून प्रत्यारोपण. भावंडांची तपासणी झाली. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाच्या जनुकांचा गठ्ठा असतो. त्यांनी बनवलेली प्रथिनं जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ओळखपत्रासारखी लटकत असतात. एक गठ्ठा आईकडून येतो, एक वडिलांकडून, म्हणून सख्ख्या भावंडाशी तो तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक. आमचा जुळला. 'दहापैकी दहा,' असं समन्वयक बाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा परीक्षेचा निकाल लागावा तशी मी उडी मारली. आई रडली. वहिनी म्हणाली, "तुम्ही दोघं लहानपणापासून एकाच साच्यातले."

एकाच साच्यातले आम्ही नव्हतो. एचएलए ही ओळखपत्राची चौकट आहे. त्या चौकटीत पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडते, आणि ती प्रथिनं माणसागणिक थोडीथोडी वेगळी असतात. चौकट जुळली तरी आतला मजकूर वेगळा. त्यातला एक मजकूर तर मला कधीच माहीत असणं शक्य नव्हतं. दादा पुरुष आहे. त्याच्या प्रत्येक पेशीत वाय गुणसूत्र आहे, आणि त्यावरून बनणारी काही प्रथिनं माझ्या शरीरात जन्मापासून कधी बनलीच नाहीत. बहिणीने भावाला दिलेल्या मूलपेशींमध्ये जीव्हीएचडीचं प्रमाण, विशेषतः दीर्घकालीन जीव्हीएचडीचं, जास्त आढळतं ते यामुळे. त्यातून मी एका मुलाची आई. नऊ महिने पोटात मुलगा वाढवताना त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात येतात, आणि आईच्या रोगप्रतिकार पेशी या पुरुषी प्रथिनांची ओळख तेव्हाच करून घेऊ शकतात. दात्याच्या प्रश्नावलीत 'आजवर किती गरोदरपणं?' असा प्रश्न होता. मी सहज आकडा लिहून पुढे गेले होते. माझ्या लेकाला वाढवताना माझ्या शरीराने काही शिकून ठेवलं असेल आणि ते बारा वर्षांनी माझ्या भावाच्या अंगावर उमटेल, हे त्या फॉर्मवर सही करताना कसं सुचावं?

इंजेक्शनं पाच दिवस घेतली. त्यांनी मूलपेशी हाडांतून रक्तात उतरतात. कंबर आणि छातीचं मधलं हाड आतून ठणकत होतं, आणि त्या ठणक्याचा मला अभिमान वाटत होता. मग एका हातातून रक्त बाहेर, यंत्रात गरगर फिरून दुसऱ्या हातातून परत, असं साडेचार तास. शेवटी लाल-गुलाबी द्रवाची पिशवी. ती वर टांगली गेली आणि तासाभरात दादाच्या सेंट्रल लाइनमधून आत रिकामी झाली. तो 'डे झीरो'. तिथून पुढचे सगळे दिवस वॉर्डात अधिकचं चिन्ह लावून मोजतात.

त्या पिशवीचा कागद मी कितीतरी दिवसांनी पाहिला. दादाच्या वजनाच्या दर किलोमागे मूलपेशी ५० लाख, आणि टी पेशी, म्हणजे परकं ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, २५ कोटी. मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. मूलपेशी दिल्या असं मी सगळ्यांना सांगत होते, पण पिशवीत त्यांच्या पन्नास पट टी पेशी होत्या. मूलपेशी अजून कोऱ्या असतात. टी पेशी मात्र शिकून तयार झालेल्या, माझ्या चाळीस वर्षांतला प्रत्येक ताप, प्रत्येक लस, प्रत्येक जखम आठवणीत ठेवून आलेल्या. रक्तातून गोळा केलेल्या पिशवीत त्या अस्थिमज्जेतून काढलेल्या पिशवीपेक्षा कितीतरी जास्त असतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नात्याबाहेरच्या दात्यांच्या बाबतीत हे ताडून पाहिलं होतं: रक्तातून घेतलेल्या पेशींनंतर दीर्घकालीन जीव्हीएचडी ५३ टक्के रुग्णांना झाला, मज्जेतून घेतलेल्या पेशींनंतर ४१ टक्के. दोन वर्षांनी जिवंत असण्यात मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ते वाचून मला सुटल्यासारखंही वाटलं नाही आणि दोषीही वाटलं नाही. माझ्या हाडांतून सुईने मज्जा काढली असती तर, एवढंच मनात आलं.

टी पेशी कुठे शिकतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. लहानपणी मोठी, वय वाढेल तशी सुकत जाणारी. मज्जेतून निघालेल्या कच्च्या पेशी तिथे येतात आणि त्यांची परीक्षा होते. शरीराची ओळखपत्रं वाचताच येत नाहीत, त्या बाद. शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांवर जास्तच चवताळतात, त्याही बाद. शंभरातल्या पाचही बाहेर पडत नाहीत, बाकीच्या तिथेच मरतात. इतकी कडक शाळा माणसाने उभारलेली माझ्या तरी ऐकिवात नाही. त्या शाळेत 'आपलं' म्हणून जे शिकवलं जातं ते त्या एका शरीराचं आपलं. माझ्या टी पेशी माझ्या छातीत शिकल्या. मला इजा करायची नाही हे त्यांच्यात पक्कं मुरलेलं आहे. दादाबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

म्हणून 'तुझ्या पेशी त्याच्यावर उलटल्या' असं कुणी म्हटलं की मला ते सहन होत नसे, अजूनही होत नाही. उलटायला आधी बाजू असावी लागते. त्या परक्या घरात जाग्या झाल्या आणि त्यांनी शिकलेलंच काम केलं. आणि त्या घरात आधीच आग लागून गेलेली होती. प्रत्यारोपणाआधीची जबर केमो, ज्याला कंडिशनिंग म्हणतात, ती कर्करोगाबरोबर आतड्याचं अस्तरही सोलून काढते. आतड्यातले जंतू आणि त्यांचे अंश त्या फटींतून आत झिरपतात, जखमी पेशी धोक्याचे रासायनिक निरोप सोडतात, आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या टी पेशी तिथे पोचतात. चहूकडे भोंगे वाजत असताना आलेला पहारेकरी जे करेल ते त्यांनी केलं.

चोविसाव्या दिवशी दादाचं पोट बिघडलं.

ते दिवस मी सविस्तर लिहिणार नाही. हिरवट पाणी, दिवसाला दीड लिटर, मग दोन. प्रत्येक वेळी मोजून लिहायचं, कारण त्या मोजमापावरच आजाराची पायरी ठरते: त्वचेचे टक्के, आतड्याचे मिलिलिटर, यकृताचं बिलिरुबिन. त्याचं बिलिरुबिन चारवर गेलं, डोळे पिवळे झाले. तोंडाने काहीही नाही, सगळं पोषण शिरेतून. आतड्याच्या बायॉप्सीत पेशी एकेकट्या, एकेक करून मरताना दिसत होत्या. स्टिरॉइडचा मोठा डोस सुरू झाला, वजनाच्या किलोमागे दोन मिलिग्रॅम. पहिल्या पाच दिवसांत फरक पडतो का ते बघायचं. साधारण निम्म्या रुग्णांना पुरेसा पडतो. दादाला पडला नाही.

आठवतं ते वहिनीचं एक वाक्य. रात्रीचे दीड-दोन वाजले असतील. आम्ही दोघी बाहेर बाकावर होतो. ती बराच वेळ गप्प होती आणि मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तुझ्या आहेत ना त्या? मग सांग ना गं त्यांना. सांग ना, हा आपला आहे म्हणून."

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली की मी असं बोलायला नको होतं. पण तिने काही वावगं म्हटलं नव्हतं. मी ते आधीपासूनच करत होते. रोज रात्री डोळे मिटून मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, झोपा. आता झोपा. विज्ञान कळणारी बाई असं करत नाही हे मला कळत होतं आणि तरीही मी ते चाळीसेक रात्री केलं.

बाकावरच्या त्या रात्रींमध्ये मी वाचत सुटले. फोनच्या उजेडात, डॉक्टरांना विचारायला प्रश्न तरी नीट असावेत म्हणून. तिथे मला उंदीर भेटले. १९५६ साली इंग्लंडमध्ये बार्न्स, लूटिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांना किरणोत्सार देऊन त्यांची मज्जा जाळली आणि नवी मज्जा दिली. ज्यांना आपल्याच जातकुळीची, हुबेहूब जुळणारी मज्जा मिळाली त्यांचा ल्युकेमिया परत आला. ज्यांना परकी मज्जा मिळाली त्यांचा आला नाही, पण ते उंदीर झिजून झिजून मेले. अतिसार, कातडीचे विकार, खंगणं. त्या झिजण्याला तेव्हा 'सेकंडरी डिसीज' म्हणत. एकाच प्रयोगात, अगदी सुरुवातीलाच, दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी उभ्या होत्या: परक्या पेशी कर्करोगही पुसतात आणि घरही जाळतात. मी ते वाचलं तेव्हा दादा आत झिजत होता. त्याचं वजन तोवर चौदा किलोंनी उतरलं होतं.

पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, अमेरिकेत ई. डोनल थॉमस यांनी सहा रुग्णांना शिरेतून मज्जा दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. एकही रुग्ण वाचला नाही. त्यानंतर अनेक वर्षं अपयशच हाती येत होतं, अनेकांनी हे काम सोडून दिलं, थॉमस यांनी सोडलं नाही. १९९० साली त्यांना नोबेल मिळालं. मी त्या सहांचा विचार करत राहिले. त्यांचीही कुणीतरी बाकावर बसलेली असणार.

१९६६ साली रूपर्ट बिलिंगहॅम यांनी हा आजार होण्यासाठी काय लागतं ते मांडलं, आणि ते आजही तसंच शिकवतात. कलमात लढू शकणाऱ्या पेशी हव्यात. यजमानात असं काही हवं जे त्या पेशींना परकं वाटेल. आणि यजमान त्यांना हाकलून देण्याइतका सबळ नको. तिन्ही अटी आम्ही, दादाने आणि मी आणि डॉक्टरांनी, विचारपूर्वक, सह्या करून पूर्ण केल्या होत्या. त्याचं बरं होणंही त्याच तीन अटींवर उभं होतं.

वॉर्डातली एक गोष्ट मला तेव्हा फार टोचायची. दादाला रक्ताच्या, प्लेटलेटच्या पिशव्या वरचेवर चढत. प्रत्येक पिशवीवर लेबल: 'इरॅडिएटेड'. मी परिचारिकेला विचारलं. ती म्हणाली, पिशवीतल्या दात्याच्या टी पेशी जिवंत राहू नयेत म्हणून किरण देतात, नाहीतर अशा रुग्णात त्याही जीव्हीएचडी करतील. आणि नातेवाइकांचं रक्त असेल तर धोका जास्तच, कारण अर्धवट जुळणाऱ्या पेशींना शरीर ओळखून हाकलत नाही. म्हणजे अनोळखी माणसांच्या पेशी दारातच निःशस्त्र करून आत सोडत होते, आणि माझ्या तेवढ्या हत्यारांसकट. मी डॉक्टरांना जरा आवाज चढवूनच विचारलं, "मग माझ्यातल्या टी पेशी आधीच काढून का नाही टाकल्या?"

ते घाईत होते, तरी थांबले. त्यांनी जे सांगितलं ते त्यानंतर मी अनेक ठिकाणी वाचलं. १९८० च्या दशकात हे करून पाहिलं गेलं. पिशवीतून टी पेशी वेगळ्या केल्या आणि जीव्हीएचडी खरोखरच कमी झाला. पण कलम धरेना, आणि ल्युकेमिया परत येऊ लागला. १९७९ मध्येच सिएटलच्या गटाने दाखवलं होतं की ज्यांना जीव्हीएचडी झाला त्यांचा ल्युकेमिया कमी वेळा परततो. १९९० मध्ये २,२५४ रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या तेव्हा तेच पुन्हा दिसलं: जुळ्या भावंडाकडून, म्हणजे हुबेहूब सारख्या पेशी मिळालेल्यांमध्ये रोग जास्त वेळा परतला, जीव्हीएचडी भोगलेल्यांमध्ये कमी वेळा. केमो सगळं मारत नाही. चुकूनमाकून उरलेली कर्करोगाची पेशी शोधून काढण्याचं काम पुढे वर्षानुवर्षं दात्याच्या पेशीच करतात, आणि तिला त्या ओळखतात ती कर्करोगाची म्हणून कमी, दादाची म्हणून जास्त.

"तुमच्या पेशी नसत्या तर आम्ही फक्त केमो दिली असती," डॉक्टर म्हणाले. "औषध त्याच आहेत."

दादाला दुसऱ्या फळीचं औषध दिलं, रक्सोलिटिनिब. टी पेशींना चेतवणारे निरोप ज्या एन्झाइममार्गे पेशीच्या आत पोचतात त्यांना ते अडवतं. स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या तीव्र जीव्हीएचडीसाठी अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. दादाला ते त्यानंतर लागलं, आणि त्या तारखेचा विचार मनात आला की आजही पोटात गोळा येतो. आठ-दहा दिवसांत पाण्याचं माप दीड लिटरवर आलं, मग एक, मग अर्धा. एका सकाळी दादाने दोन घोट पाणी पोटात ठेवलं. सिक्लोस्पोरिन पहिल्यापासून चालूच होतं. ते औषध नॉर्वेच्या मातीच्या नमुन्यात सापडलेल्या एका बुरशीतून आलेलं आहे. माझ्या पेशींना थोपवणाऱ्या त्या बुरशीबद्दल मला तेव्हा जी कृतज्ञता वाटली ती मी माणसांबद्दलही क्वचितच अनुभवली आहे.

तो घरी आला तेव्हा ब्याऐंशीवा दिवस होता. स्टिरॉइडने तोंड सुजलेलं, मांड्यांतला जोर गेलेला. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागे. त्याचा रक्तगट बदलून माझा झाला होता. आणि दर महिन्याला एक तपासणी होत होती, कायमेरिझमची. त्याच्या रक्तातल्या किती पेशी माझ्या आणि किती त्याच्या, ते मोजायचं. दाता स्त्री आणि रुग्ण पुरुष असेल तर हे मोजणं सोपं: पेशीत दोन एक्स दिसले तर ती माझी, एक्स आणि वाय दिसले तर त्याची. दोनशे पेशी मोजायच्या. सहा महिने दोनशेच्या दोनशे माझ्या आल्या.

सातव्या महिन्यात १८८ आल्या.

बारा पेशी दादाच्या. मी तो अहवाल हातात घेऊन बसले आणि मला आधी वाटलं ते असं, की अरे, हा परत आला. त्याचं स्वतःचं रक्त, आमच्या आईने घडवलेलं, या सगळ्यातूनही कुठेतरी टिकून राहिलेलं. आणि मग वहिनीचा चेहरा पाहिला. भीती त्या बारांचीच होती. त्याच्या स्वतःच्या पेशी परत येणं म्हणजे त्यांच्यामागून ल्युकेमियाही येऊ शकतो.

डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगितलं. एक मार्ग म्हणजे माझ्याकडून पुन्हा लिम्फोसाइट, म्हणजे टी पेशी ज्यांच्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी, घ्यायचे आणि त्याला द्यायचे. १९९० मध्ये म्युनिकमध्ये कोल्ब आणि सहकाऱ्यांनी रोग परतलेल्या तीन रुग्णांना दात्याचे लिम्फोसाइट देऊन तो मागे हटवला होता. तेव्हापासून हा उपाय आहे. पण दादाचं आतडं एकदा पोळलेलं. म्हणून त्याआधी सिक्लोस्पोरिन भराभर कमी करायचं ठरलं. "तुमच्या पेशींना जरा मोकळं सोडू," ते मला म्हणाले.

त्या रात्री मी पुन्हा डोळे मिटून बसले. चाळीस रात्री ज्यांना झोपा म्हणून विनवलं होतं त्यांना आता मला उठा म्हणायचं होतं. मला ते येईना. किती उठायचं, हे कसं सांगणार? बारा पेशींपुरतं? आतड्याकडे न वळता? डोस उतरत गेला तसा मी रोज सकाळी फोन करून त्याला पहिला प्रश्न विचारत असे, "पोट बरं आहे ना?" आणि मनात दुसरा प्रश्न असे, की काहीच कसं होत नाहीये.

पाच आठवड्यांनी १९४ आल्या. त्यानंतर दोनशे.

दहाव्या महिन्यात दादाच्या गालांच्या आतून पांढऱ्या जाळीदार रेषा उमटल्या, जिभेला बारीकसं तिखटही झोंबू लागलं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. दीर्घकालीन जीव्हीएचडी, सौम्य. डॉक्टरांनी टॉर्चने त्याच्या तोंडात पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी समाधान पाहिलं. ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. त्या रेषा म्हणजे माझ्या पेशी जागेवर आहेत याची खूण होती. त्याला त्रास होत होता आणि आम्ही तिघं हुश्श करत होतो.

आता सव्वादोन वर्षं झाली आहेत. पिशवीतून आलेल्या त्या शिकलेल्या टी पेशींच्या जोडीला हळूहळू नव्या तयार होत आहेत, माझ्याच मूलपेशींपासून, पण दादाच्या छातीतल्या, वयाने सुकलेल्या आणि औषधांनी दमलेल्या थायमसमध्ये. या नव्यांना शाळा त्याची मिळते. त्यांच्यासाठी तो परका नाही. अशा किती बाहेर पडत असतील, त्या वयात ती ग्रंथी किती काम करत असेल, हे आकड्यात मांडता येण्याजोगं माझ्या हातात काही नाही. पण माझ्या रक्ताच्या आणि त्याच्या घरात वाढलेल्या पेशी ही कल्पना मला फार आवडते. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तुझ्या पोरांना मी शिकवतोय."

लहान मुलाच्या लशी त्याला पहिल्यापासून पुन्हा दिल्या, कारण केमो आणि प्रत्यारोपणात जुनी सगळी आठवण पुसली गेली होती. तोंडातल्या रेषा पुसट झाल्या आहेत. फुप्फुसांची तपासणी दर तीन महिन्यांनी होते, कारण तिथे हा आजार चोरपावलांनी येतो आणि गेलेली जागा परत देत नाही. आजवर सगळे आकडे ठीक आहेत. डोळे मात्र कोरडेच. अश्रूंच्या ग्रंथी माझ्या पेशींनी बऱ्याच निकामी केल्या आहेत. आई गेली त्या दिवशी दादा हुंदके देत होता आणि गाल कोरडे होते. मी त्याच्या शेजारी बसून दर तासाला त्याच्या डोळ्यांत थेंब घातले. नातेवाइकांना वाटलं, औषध आहे. होतंही. पण ते थेंब गालांवरून खाली ओघळले तेव्हा त्याने ते पुसले नाहीत, आणि मीही पुसले नाहीत.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच्यासोबत मी गेले होते. खालच्या पापणीत कागदाची पातळ पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगतात. मग पट्टी किती भिजली ते मोजतात. दादा डोळे मिटून बसला होता, दोन्ही पट्ट्या गालांवर लोंबत होत्या. मी घड्याळाकडे पाहत होते. पाच मिनिटं झाल्यावर डॉक्टरांनी पट्ट्या काढून उजेडात धरल्या.

उजव्या डोळ्याची तीन मिलिमीटर भिजली होती, डाव्याची चार. गेल्या वेळी दोन्हींची दोन होती.